एकेचाळीस नंबरचा कोरा रकाना

मी एक जुनी नोंदवही आहे. माझी पाठ चिकटपट्टीने सांधलेली आहे आणि कोपऱ्यांना सुक्या मासळीचा वास येतो. तरीही मित्रांनो, मला कमी लेखू नका. फिलिपिन्समधल्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीच्या कचेरीत मी सहा वर्षे टेबलावर काढली. तिथे कुणाचेही गाऱ्हाणे आधी माझ्या पोटात जाई.

शहरातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. कडक पुठ्ठा, तीनशे पाने, लाल रेघांचे रकाने! कापितान, म्हणजे वस्तीचे निवडून आलेले प्रमुख, पाहुण्यांना मला कौतुकाने उघडून दाखवत. चोरीला गेलेला झुंजीचा कोंबडा, शेजाऱ्याचे कर्कश कराओके, हद्दीवरचे नारळाचे झाड, सगळे माझ्यावर निळ्या शाईत उतरे.

नवऱ्याने बायकोला मारल्याची तक्रार आली की मात्र कापितान चिटणीसबाईंपुढे पेन्सिल सरकवत. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत यांची गोडी होतेच, मग शाई कशाला नासायची, असे ते म्हणत. रविवारी दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावत, वर शेवयांची बशी देत. सोमवारी माझ्या अंगावरून खोडरबर फिरे. अशा प्रकरणात तडजोड करायची नाही असा कायदा आहे, आणि त्याचे पत्रक माझ्या मागच्याच भिंतीवर लावलेले होते. मला संताप येई.

नोंदीचा नंबर आणि तारीख तेवढी शाईत असे, कारण वर्षाअखेरीस नगरपालिकेचा माणूस येऊन नोंदी मोजून जाई.

एर्लिंदा किनाऱ्यावर मासे वाळवायची. तिचा नवरा रुफो कापितानांचा कुंपारे होता. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून कापितानच उभे राहिले होते. एर्लिंदा दोनदा तक्रार घेऊन आली. एकेचाळीस आणि अठ्ठावन्न नंबरला ती लिहिली गेली आणि दोन्ही वेळा खोडली गेली.

तिसऱ्यांदा रुफोने तिचा हात मोडला, तेव्हा ती थेट शहरातल्या पोलीस ठाण्यात गेली. रुफोने तिथे येऊन शपथेवर सांगितले, की बायको मासळीच्या मांडवावरून पडली, याआधी तिची कधी तक्रारच नव्हती. महिला पोलिसाने एर्लिंदाला सांगितले, की आधीच्या नोंदींच्या नकला आण, त्या अहवालाला जोडते. मग न्यायाधीश त्याला घराबाहेर काढतील. नाहीतर तो आज ना उद्या त्याच घरात परत येणार होता, आणि घरात लहान मुलगी होती.

हात गळ्यात बांधून एर्लिंदा कचेरीत आली.

"कशाला घर मोडतेस?" कापितान म्हणाले. "माझा कुंपारे आहे तो. मी समजावतो त्याला."

"दोनदा समजावलंत की, कापितान. आता नक्कल द्या."

त्यांनी मला उघडून तिच्यापुढे धरले. "बघ, काही लिहिलेलंच नाही. नक्कल कशाची देऊ?"

एर्लिंदाने माझ्यावर बोट ठेवले. "हा एकेचाळीस नंबर. पुढे मी आले त्या दिवसाची तारीख आहे आणि रकाना कोरा आहे. मला त्या कोऱ्या रकान्याचीच नक्कल द्या, सहीशिक्क्यासकट. अठ्ठावन्नचीपण द्या. कोरा का ठेवला, ते कोर्ट विचारेल तुम्हाला."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या कोऱ्या रकान्यांचा अभिमान वाटला. कापितानांचा चेहरा उतरला. मला कपाटात ठेवून कुलूप लावायला त्यांनी पेर्लाला सांगितले. पेर्ला कचेरीची चिटणीस होती; वस्तीतल्या बायका तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत. ती उठली आणि पेन घेऊन परत बसली.

"दोन्ही वेळा मीच लिहिलं होतं आणि मीच खोडलं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द आठवतोय मला."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. आता मध्ये हात घालू नका, शाई ओली आहे."

तिने नवा नंबर टाकला, आजची तारीख टाकली. एकेचाळीस आणि अठ्ठावन्न या नोंदी कापितानांच्या सांगण्यावरून आपण खोडल्या, हे तिने लिहिले. त्यांत काय होते तेही लिहिले. मग सही केली, नकला काढल्या आणि शिक्का मारला.

एर्लिंदा नकला छातीशी धरून म्हणाली, "मानांग पेर्ला, तुमच्या हाताला खोडायची सवय नव्हतीच."

"होती गं," पेर्ला म्हणाली. "त्याचीच लाज वाटते."

अहवालाला नकला जोडल्या गेल्या. रुफोला घराची पायरी चढायची बंदी झाली. पेर्लाची नोकरी गेली. ती आता एर्लिंदाशेजारी मासे वाळवते. मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात पडून आहे. मला वाळवी लागली तरी चालेल.

मित्रांनो, वह्या जपा असे मी सांगणार नाही. पण उद्या तुम्ही कुठल्या टेबलामागे बसाल, आणि मार खाल्लेली एखादी बाई समोर येईल. तेव्हा कुणी तुमच्याकडे पेन्सिल सरकवली, तर ती परत करा आणि पेन मागा.