अक्काच्या पित्ताची पिशवी

डॉक्टर जयराम यांची थोरली बहीण भागीबाई, सगळ्यांची अक्का, राहायची सिन्नरकडे. ती एकदा अडून बसली की भल्याभल्यांनी हात टेकावेत. पित्ताच्या पिशवीत खडे झाले, कळांनी जीव नकोसा झाला, तरी तिचं एकच पालुपद: "करीन तर माझ्या भावाच्या हातनंच करीन." सख्ख्या माणसावर सर्जनने सुरी चालवू नये असा रिवाज. जयरामांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टर मनीषाने तो आडून आडून सुचवलाही. पण बहिणीच्या भरवशाने जयराम सुखावले होते. सत्तरीला टेकलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

शिवाय दुर्बिणीतून पिशवी काढणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. नाशिकच्या त्यांच्या हॉस्पिटलात मनीषाने नवा कॅमेरा आणवला होता. ऑपरेशनच्या काही तास आधी शिरेतून एक रंग द्यायचा. तो पित्तात उतरतो आणि खास उजेडात पित्ताच्या नळ्या हिरव्या चमकतात.

"दे बाई तो रंग," जयराम म्हणाले होते. "पण माझे डोळे अजून शाबूत आहेत."

अक्काची पिशवी सुजून आजूबाजूला घट्ट चिकटली होती. बराच वेळ सोडवत सोडवत जयरामांनी एक नळी मोकळी केली. हीच पिशवीची, त्यांनी ठरवून टाकलं. आता क्लिप लावायची आणि कापायची.

"सर, एकदा हिरवं बघू या?" मनीषा म्हणाली.

"बघ. तुझीही हौस फिटू दे."

तिने उजेड बदलला. जयरामांनी मोकळी केलेली नळी पडद्यावर यकृतापासून थेट आतड्याकडे हिरवीगार गेलेली दिसली. ती मुख्य पित्तनळी होती. पिशवीची खरी नळी बाजूला, काडीसारखी बारीक. मुख्य नळी कापली असती तर अक्का वाचती की नाही कोण जाणे. वाचती तरी उरलेला जन्म दवाखान्यांत गेला असता.

जयरामांनी हत्यार मनीषाच्या हाती दिलं आणि स्वतः कॅमेरा धरला. तिने पिशवी सुखरूप काढली.

संध्याकाळी अक्का नीट बोलू लागली. जयराम गप्प राहिले असते तर कोण विचारणार होतं? मनीषा तर मेली तरी बोलली नसती. पण जयरामांना राहवेना.

"अक्का, मी भलतीच नळी कापणार होतो. या मनीषाने तुला वाचवलं."

अक्काने मनीषाकडे पाहिलं, मग भावाकडे. "मला धाकधूक व्हतीच," ती म्हणाली.

"मग माझ्याच हातून करायचा हट्ट कशाला धरलास?"

"लोक म्हनाया लागले, जयराम डॉक्टर थकला, त्याच्याकडं जाऊ नका. म्हनलं, सख्खी बहीणच त्याच्याकडनं करून घेती म्हनल्यावर तरी तोंडं बंद व्हतील."

जयराम तिच्या उशाशी बसले आणि पोरासारखे रडले. अक्काने सलाईन लावलेला हात तसाच उचलून त्यांच्या पाठीवर ठेवला.