सांध्यातलं रेझिन

"सांध्यातलं रेझिन आतून सुकलेलं नाही," मी म्हणाले.

शांतारामदादा, माझे मोठे दीर, लाकडी बोटीच्या बुडाशी रंगाचा ब्रश घेऊन बसले होते. २०१६ची पावसाळी मासेमारी बंदी उठली होती. पहाटेच्या भरतीला डहाणूच्या खाडीतल्या सगळ्या बोटी निघणार होत्या. आमच्या बोटीवर माझा नवरा ललित जाणार होता.

"उन्हानं सुकेल. तू तुझ्या कारखान्यातल्या पिंपांना शिकव, कीर्ती."

मी उधव्याजवळच्या कारखान्यात इपॉक्सी रेझिनच तपासते. दादांनी आयुष्यभर फायबरच्या बोटी बांधल्या. फायबरच्या रेझिनला ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थोडे थेंब पुरतात. या खेपेला फळ्यांच्या सांध्यांत भरायला चारोटीच्या दुकानदाराने इपॉक्सी दिलं, आणि दादांनी सवयीने त्यातही दोन चमचेच हार्डनर घातला. इपॉक्सीच्या रेणूच्या टोकांना ताणलेली कडी असते. हार्डनर ती उघडून रेणू एकमेकांत विणतो आणि स्वतः त्या विणीत राहतो. तो कमी पडला तर उरलेलं रेझिन उन्हात काय, चुलीवरही आळत नाही. दादांनी त्यात लाकडाचा भुसा कालवला होता, म्हणून ते घट्ट वाटत होतं, एवढंच.

"खरवडून पुन्हा भरू या. चार दिवस लागतील."

"चार दिवस पापलेट तुझी वाट बघत थांबणार का?" जाळं सांधणाऱ्या प्रभा जाऊबाई हसल्या. "नवऱ्याला घरात बसवायचंय, तर सरळ सांग ना बाई!"

"वहिनी, पुरे," ललित म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तूही. लोक बघतायत."

"अंगठा दाबून बघ."

त्याने हात मागे घेतला.

"पूजा झालीय बोटीची," दादा म्हणाले. "आता कोणी बोट लावायचं नाही."

मी त्यांच्याजवळची पत्र्याची पट्टी उचलली, रंगातून सांध्यात खुपसली आणि ओढली. भुशाचा चिकट लगदा गुळाच्या पाकासारखा लांबत बाहेर आला. फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसला.

दादांनी पट्टी हिसकावली. "ललित, हिला घेऊन जा. माझा हात उठेल."

पहाटे सगळ्या बोटी गेल्या, आमची वाळूत राहिली. समुद्र शांत होता. बोटी भरून परतल्या आणि प्रभा जाऊबाईंनी गल्लीभर माझ्या नावाने शंख केला.

मी नवा हार्डनर आणि वजनकाटा किनाऱ्यावर नेला. दादांनी काटा वाळूत भिरकावला. ललितने तो उचलून आणला, पुसला आणि त्यावर रेझिनचं भांडं ठेवलं.

"हार्डनर किती घालायचा?" त्याने दादांना विचारलं.

"विचार तिला," दादा थुंकले.

"शंभराला पन्नास," मी म्हणाले.

ललितने माझ्याकडे न बघता ओतायला सुरुवात केली.