येसाजीचा डबा

धरणाच्या पल्याड, कड्याखालच्या धनगरवस्तीत फोनला रेंज नाही, पण कोंडिबाच्या घरात फळा आहे. हा फळा खडूचा नव्हे. एक लहानसा संगणक, त्याला जोडलेला तळहाताएवढा पडदा आणि कौलांवर उभी केलेली हातभर तार. हिंजवडीत नोकरी करणारा आणि शेजारच्या जांब्याला भाड्यानं राहणारा सौरभ दोन वर्षांपूर्वी डोंगर हिंडत आला, कोंडिबाच्या ओसरीवर ताक प्याला आणि पुढच्या खेपेला सहा डबे घेऊन आला. डबा म्हणजे साबणाच्या दोन वड्यांएवढा. आत पाणी शिरणार नाही असा, पाठीवर उन्हाची पट्टी. त्यावर अक्षरं टिपायची. एका डब्यानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, असं करत निरोप फळ्यावर येऊन पडायचा आणि तिथून सगळ्यांना मिळायचा. सौरभ एकेकाला नोड म्हणायचा. वस्तीनं डबाच म्हटलं.

फळ्यावर असायचं ते साधंच. बिबट्या दिसला. धरणातली लाँच आज येणार नाही. तांबडी शेळी व्याली, दोन्ही माद्या. नर्सबाई मंगळवारी.

फळा कोंडिबाकडं आला, कारण वस्तीतल्या म्हाताऱ्यांत वाचता येणारा तो एकटाच. एकसष्टाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसून तो अक्षरं शिकला होता. डबे आल्यावर त्यानं ती आपल्या थोरल्या भावाला, येसाजीला शिकवली. उंबऱ्यावर बसून, फरशीवर कोळशानं. चुकलं की थोरल्याच्या बोटावर टिचकी मारायचा आणि थोरला म्हणायचा, "मार, मार. ल्हानपनी म्या तुला लई मारलंय."

येसाजीला अक्षरं आली आणि त्यांचा पहिला उपयोग त्यानं धाकट्याला टोचायला केला. कोंडिबानं वरच्या सड्यावरचा, डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, आपला चराईचा तुकडा एका रिसॉर्टवाल्याला तंबू ठोकायला दिला होता. येसाजीला ते पटलं नव्हतं. श्रावणातल्या एका सोमवारी त्यानं फळ्यावर टाकलं, "कोंड्या आता शेरडं चारत न्हाई. तंबू चारतोय." दुपारपर्यंत दोन्ही काठांवरच्या वस्त्या हसत होत्या. कुणीतरी खाली विचारलं, तंबू दूध किती देतो?

कोंडिबाच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्याच फळ्यावर, आपणच शिकवलेल्या अक्षरांनी. पूर्वी अबोला धरायचा म्हणजे पाणवठ्यावर समोर आला की तोंड फिरवायचं. आता एक बोट पुरत होतं. पडद्यावर नावांची यादी असते. येसाजीचं नाव दाबून धरलं की खाली शब्द येतो, दुर्लक्ष करा. कोंडिबानं तो शब्द एकेक अक्षर लावून वाचला आणि दाबला.

येसाजी शेरडं घेऊन पाण्याकाठी उतरला की त्याच्या डब्याचा आवाज फक्त कोंडिबाच्या घरापर्यंत पोचायचा. दुसरा कान त्याला नव्हता. सौरभनं हे तीनदा समजावलं होतं. रागाच्या भरात आठवलं नाही.

गुरुवारी शेरडं एकटीच परत आली.

वस्ती धावली, पलीकडून होड्या आल्या. आठ दिवस शोधलं. त्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की धरणाचं पाणी झाडांच्या शेंड्यांवर चढलं. काही सापडलं नाही. आणि त्याच गुरुवारी सांजेला साडेसहा वाजता, लोक हाका घालत खाली पळत असताना, कोंडिबानं घरात येऊन येसाजीच्या नावापुढचं दुर्लक्ष काढलं. कुणी बघण्याआधी. तेव्हापासून आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दादानं हाक मारली होती का? एवढी एकच गोष्ट त्याला खात होती. भाकरीचा घास तोंडाशी नेला की ती समोर बसायची. ज्याकडं दुर्लक्ष केलं त्याचं काहीही फळा ठेवत नाही, म्हणून विचारायलाही जागा नव्हती.

येसाजीची बायको तानूबाई रोज सकाळी दुधाची किटली घेऊन यायची आणि फळ्यापुढं बसायची. तिला वाचता येत नव्हतं. पाहुणे म्हणाले, दर्भाचा पुतळा जाळून दहावं उरका. ती म्हणाली, "डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या कुंकू पुसणार न्हाई." सगळे निरोप वाचून झाले की ती विचारायची, "आन यांचं?"

"न्हाई वैनी."

यादीत येसाजीचं नाव होतंच, करड्या रंगात. शेवटचं ऐकलं, दोनशे बहात्तर दिवसांपूर्वी. दोनशे त्र्याहत्तर. कोंडिबा दिवा लावायच्या आधी तेवढं बघून घ्यायचा.

वैशाखात सौरभ डब्यांची मांडणी नव्यानं करायला आला. एकेक डबा मागवून त्यानं नावं, क्रमांक, कोणी कुणाचा निरोप पुढं न्यायचा ते सगळं पुन्हा भरलं. यादीच्या तळाशी थांबला.

"काका, हा एक काढून टाकू? उगीच जागा अडवून बसलाय."

"ऱ्हाऊ द्या."

"नाही म्हणजे... सॉरी. राहू दे. तसाही तो परत चालू झाला तर आपोआप येईलच यादीत."

"पान्यातला कसा चालू व्हईल?"

"बॅटरी संपून झोपलाय तो. ऊन लागलं तर उठेल. आणि जे निरोप पोचले नाहीत ते मी आत साठवून ठेवायला लावलंय. पलीकडून 'पोचलं' असं उत्तर येईपर्यंत परत परत पाठवत राहतो. चिवट आहे तो."

सौरभ सहज बोलून चहा प्यायला वळला. कोंडिबानं हातातली बशी खाली ठेवली. त्याला वाटत होतं की जे विरून गेलं ते गेलं. ते गेलं नव्हतं. खाली चिखलात कुठंतरी, झाकणाच्या आत, जसंच्या तसं बसून होतं.

त्यानंतर तो रोज सकाळी कड्यावर जाऊन पाणी बघू लागला. पाणी रोज वीतभर उतरत होतं. बुडालेल्या गावाची जोती वर आली, मग वाळून काळ्या झालेल्या झाडांचे बुंधे. एरवी असं पाणी उतरलं की बाया खेकडे धरायला खाली जायच्या. यंदा तानूबाईकडं बघून कुणी गेलं नाही.

पाचव्या दिवशी, दहाच्या सुमाराला, तानूबाई फळ्यापुढं बसली होती. कोंडिबा तिला लाँचची वेळ वाचून दाखवत होता. पडद्याच्या तळाचं नाव करड्याचं हिरवं झालं.

येसाजी. आत्ताच ऐकलं. बॅटरी तीन टक्के.

कोंडिबानं लाँचची वेळ अर्धीच सोडली. बाहेर ऊन भाजत होतं, दारातली म्हैस रवंथ करत होती.

"काय झालं भावजी?"

"काय न्हाई."

फळा वाजला. सौरभनं त्याला चिमणीसारखा आवाज दिला होता. पुन्हा वाजला. थांबला, आणि परत वाजला. निरोप जुन्यापासून नव्याकडं येत होते, तारीख-वेळ घेऊन. सगळे एकट्या कोंडिबाच्या नावानं पाठवलेले, म्हणून दुसऱ्या कुठल्या डब्यावर जात नव्हते.

सोमवार. कोंड्या रुसला का.

मंगळवार. तंबूचं मागं घेतो. ताक पाठव.

बुधवार. बोल की.

त्याचं बोट नकळत नावावर गेलं. दाबून धरलं. खाली तो शब्द आला, दुर्लक्ष करा. आता दाबलं तर पुढचं येणारच नाही. ढग येईल, पाऊस लागेल, पाणी परत चढेल. वैनीला वाचता येत नाही. बिबट्या दिसला म्हणून सांगायचं.

"भावजी, तीनदा वाजलं आन तुमी वाचंना," तानूबाई म्हणाली. "त्यांचं हाय का?"

कोंडिबानं बोट उचललं.

"व्हय."

तिनं पदर डोक्यावर सारखा केला, नवरा घरात आल्यावर करायची तसा. "वाचा मग."

त्यानं पहिले तीन वाचले. ताकाचं ऐकून ती किंचित हसली. "ताकाबिगर घास उतरत न्हवता त्यांचा." तेवढ्यात चौथा आला.

"गुरुवार. दोन वाजून धा मिंटं. पाय मोडला. जांभळीखाली हाय. धनाला धाड." धनाजी म्हणजे येसाजीचा मुलगा. त्या दुपारी तो घरीच झोपला होता.

"म्होरं."

"तीन वाजून पाच. पानी चढतंय."

"म्होरं वाचा."

शेवटचा वाचायला त्याला वेळ लागला. अक्षरं तीच होती, त्यानंच कोळशानं गिरवून घेतलेली. "चार चाळीस. कोंडिबा, दमलो."

दादा त्याला जन्मभर कोंड्या म्हणायचा.

तानूबाईनं किटली बाजूला सारली. मग म्हणाली, "ही सांगनी कुटं आडली हुती एवढे दीस?"

खोटं जवळच होतं. डबा बिघडला, पावसानं तार पडली, काहीही.

"म्या आडवली," कोंडिबा म्हणाला. "त्याचं नाव बंद केलं हुतं. रागानं. सांजेला साडेसाला उघाडलं. तवर..."

"साडेसाला."

"व्हय."

"शेवटच्या हाकंपासनं दोन तास." तिला घड्याळ कळत नव्हतं असं तो समजत होता. "आन म्या रोज हितं बसून तुमाला इचारीत हुते. रोज तुमी न्हाई वैनी म्हनत हुता."

ती रडली नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"जे मला सांगितलं ते फळ्यावर ल्ह्या," ती म्हणाली. "समद्यांस्नी. धनाला माझ्या तोंडानं नगं कळाया. तुमच्या हातानं कळू द्या."

कोंडिबानं लिहायला घेतलं. एका अक्षराला एक बोट, मधेच पुसायचं, परत टिपायचं. म्हैस उठून सावली बदलून बसली तरी त्याचं चाललंच होतं. दादानं पाण्यातून तीनदा हाक मारली. मी त्याचं नाव बंद केलं होतं म्हणून कुणाला ऐकू गेली नाही. तो जांभळीखाली आहे. कोंडिबा.

त्यानं पाठवलं. सड्यावरच्या डब्यातून उत्तर आलं, पोचलं. खिंडीतून आलं. पलीकडच्या काठावरून दोन आली. धनाजीच्या डब्याला थोडा वेळ लागला, मग त्याचंही आलं. पाच झाली.

मग खालून, पाण्याच्या कडेनं, सहावं आलं.

"आता कुनाचं?" तानूबाईनं विचारलं.

"दादाचं."

"काय म्हंत्यात?"

"पोचलं म्हंतोय."

ती उठली. किटली तिथंच राहिली. उताराला लागताना तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि वरच्या अंगानं कुणीतरी दगड तुडवत खाली धावत येत असल्याचा आवाज कोंडिबाला ऐकू आला. तो धनाजी होता. कोंडिबा दारात उभा राहिला. आत जावं असं त्याला वाटलं, पण तो गेला नाही.