चिलटांचा स्वयंपाक करणारा कुकर

मित्रांनो, पाच लिटरचा, बुडाशी काळा पडलेला असा मी एक जुना कुकर आहे. पंधरा वर्षं फैजपूरच्या एका घरात वरणभात शिजवला. तिथे नवा कुकर आला, तशी त्या घरच्या दिपमालाने मला आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं.

तिथे मी कोणाचं जेवण शिजवावं? चक्क केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांचं! दिपमाला त्यांची अंडी औषधाच्या पाण्यात धुऊन वरचे जंतू काढी. मका-गुळाच्या खाण्यातले जंतू मी वाफेने मारी. मग अंडी त्या खाण्यावर, बंद बरण्यांत. पोटात एकही जंतू नसलेली चिलटं कशी वाढतात, हे तिला पाहायचं होतं. अळ्या निघाल्या, पण वाढेनात.

एके सकाळी तिसऱ्या बरणीतल्या अळ्या गुबगुबीत दिसल्या. खाणं तपासलं, तर त्यात जंतूच जंतू. शालिग्राम सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा वाफ धरत नाही. भंगारात द्या."

मला फार लागलं. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या कुंदाबाई पुढे आल्या.

"त्याले नका दोष देऊ, सर. मीच टाकली केयाची फोड. निरे उपाशी दिसत व्हते लेकरं."

केळीच्या बागेत जन्म गेलेली बाई ती, तिला कसं राहवणार?

दिपमाला रागावली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "मावशी, यांना केळाने वाढवलं, की केळावरच्या जंतूंनी?"

तिने तिसऱ्या बरणीतले नुसते जंतू पाण्यात कालवले. जंतू नसलेल्या अळ्यांच्या दोन नव्या बरण्या घेतल्या; अर्धं पाणी तसंच एकीत घातलं, अर्धं माझ्यात उकळून दुसरीत. माझ्यातून थोडे जरी जंतू जिवंत सुटले, तर दोन्ही बरण्या सारख्याच होणार आणि मी भंगारात जाणार. चार दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

पाचव्या दिवशी सगळे बरण्यांवर वाकले. पहिलीतल्या अळ्या टुमटुमीत, दुसरीतल्या तशाच किडकिडीत! जंतूंनीच त्यांना वाढवलं होतं, आणि मी एकही सोडला नव्हता. दिपमालाने कुंदाबाईंना मिठीच मारली. "राहू द्या कुकर," सर म्हणाले. कुंदाबाईंनी मला लिंबाच्या सालीने लख्ख घासलं.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती खरंच बिघडली आहे का, ते तपासा. आणि आपली चूक दुसऱ्यावर जात असेल, तर पुढे होऊन सांगा. माझं म्हणाल, तर जन्मभर मी जंतू मारले आणि त्याचा तोरा मिरवला. त्यातले काही कुणाला तरी वाढवत होते, हे आत्ता कळलं. काम तेच करतो, पण शिट्टी देताना आता थोडं वाईट वाटतं.