काचपुसणीने धरलेला डूख

मी एक जुनी काचपुसणी आहे. मोबाईलचा पडदा पुसायला खोक्यातून एक मऊ, हातरुमालापेक्षाही लहान फडकं मिळतं ना, तेच. तुमच्यातल्या निम्म्या जणांनी माझ्या बहिणींना कधीच कुठेतरी भिरकावून दिलं असेल. असू द्या. मित्रांनो, मी आज रडगाणं गायला आलेली नाही. मी एकाचा सूड घेतला, तो कसा घेतला ते सांगायला आले आहे. उगीच कशाला खोटं बोलू? सूड घ्यायची मला फार हौस होती.

माझा जन्म कोणत्या गिरणीत झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते विश्रामबागेतलं मोबाईलचं दुकान. तिथे एक दिवस तानाजी हवालदार आले. सैन्यातून महिन्याच्या सुट्टीवर आलेले होते. त्यांनी मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला. दुकानदाराने पडद्यावर पातळ स्क्रीनगार्ड बसवला. बसवण्याआधी त्याने माझ्याकडून पडदा असा पुसून घेतला, की धुळीचा एक कणसुद्धा उरला नाही. मग मला घडी घालून खोक्यात ठेवलं आणि म्हणाला, "हवालदारसाहेब, मोबाईल कितीबी भारी असू द्या, जपणारी ही हाय." माझी छाती फुगली. तेवढं कौतुक माझं पुढे कोणी केलं नाही.

हवालदारांचं घर इस्लामपूरपासून आत, उसाच्या रानांमधल्या एका गावात होतं. घरात त्यांची बायको रेश्मा, कॉलेजला जाणारा मुलगा जयराज आणि सहा वर्षांची सई. सईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून तर मोठ्या पडद्याचा मोबाईल आणला होता. बाप-लेकींनी हातांची एक भाषा तयार केली होती. वरच्या ओठावरून, मिशीवरून फिरवल्यासारखं, बोट फिरवलं की 'आबा', म्हणजे हवालदार. दोन्ही मुठी एकावर एक धरून मोडल्यासारखं केलं की 'ऊस'. मनगटावर फुंकर घातली की 'लागलंय'. हवालदार सीमेवर गेले की दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करायचे. इतरांना आवाज आला तरी भागत होतं. सईला मात्र आबांचे हात आणि तोंड दिसल्याशिवाय काहीच कळत नव्हतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी हवालदारांनी जयराजला समोर बसवलं. म्हणाले, "हे बघ. आदी फुंकर मारायची, धूळ उडवायची. मग ही काचपुसणी हलक्या हातानं फिरवायची. दाबून घासायचं न्हाई. आठवड्याला साध्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. आन दुसऱ्या कुठल्या कामाला हिला हात लावायचा न्हाई. कळलं का?"

"व्हय ओ आबा, कळलं की," जयराज म्हणाला. म्हणताना तो मोबाईलमध्येच बघत होता.

कळलं म्हणे! हवालदारांची गाडी गावाच्या वेशीबाहेर गेली नाही तोवर मोबाईल जयराजच्या खिशात गेला. घरच्यांसाठी आणलेली वस्तू ती, पण आता फक्त रविवारी दुपारी तासाभरासाठी सईच्या वाट्याला यायची. जयराजने तो चहाच्या हाताने धरला, उसाच्या चिकट हाताने धरला. डाग पडले की शर्टाच्या टोकाने पुसायचा. कधी चक्क थुंकी लावायचा! कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा टूथपेस्ट चोळली. मी खोक्यात पडून हे सगळं बघत होते आणि दात-ओठ खात होते. मग एके दिवशी मोबाईल फरशीवर आपटला. बिचाऱ्या स्क्रीनगार्डने सगळा मार अंगावर घेतला. त्याचे तुकडे झाले, आतला पडदा वाचला. जयराजने उरलेले तुकडे काढून उकिरड्यावर टाकले. रेश्मा म्हणाली, "दुसरा बसवून घे रं." "बसवतो गं, काय घाई हाय?" असं म्हणून त्याने दोन महिने काढले. पडदा उघडाच राहिला.

एवढं मी सोसलं असतं. पण एका सकाळी जयराजचा मित्र शिवतेज आला. दोघे अंगणात मोटारसायकल धूत होते. जयराजला चेन पुसायला काही मिळेना. त्याने घरात येऊन खोकं उघडलं आणि मला उचललं. मला वाटलं, चला, आठवण तरी झाली. तर त्याने मला सरळ काळ्याकुट्ट वंगणात बुचकळलं. चेनच्या दातांतून ओढलं. माझे दोन धागे तुटले.

शिवतेजसुद्धा म्हणाला, "आरं, ही मोबाईलची हाय न्हवं?"

जयराज हसला. म्हणाला, "आसंल. चिंधी ती चिंधी. तिला काय देव्हाऱ्यात ठिवायची?"

चिंधी! मित्रांनो, वंगण मी विसरले, तुटलेले धागेही विसरले. तो शब्द मात्र विसरले नाही. त्या दिवशी मी डूख धरला. म्हटलं, थांब लेका, तुझा जीव ज्या पडद्यात आहे ना, तोच तुला चिंधीसारखा करून दाखवते.

पण फडक्याच्या हातात असतं काय? आपण होऊन तर हलताही येत नाही. मी मोटारसायकलच्या डिकीत पान्यांच्या शेजारी पडून विचार करत राहिले. आणि एक दिवस वाट सापडली. जयराजने माझ्याकडून मागच्या चाकाचा पत्रा पुसला. नदीकडच्या रस्त्याची वाळू त्याला चिकटली होती. त्यातला एक बारीक खडा माझ्या धाग्यांत अडकला. मोहरीपेक्षा लहान, पण टोकदार. तो मला टोचत होता. एरवी मी धागे सैल सोडून तो पडू दिला असता. पण मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, काचेचा खरा वैरी म्हणजे वाळूचा खडा. मग मी तो खडा धरला. अगदी घट्ट धरला.

पुढे रेश्माला मी डिकीत सापडले. ती हळहळली. "आवं, ह्यांनी किती सांगितलं हुतं, आन ह्या पोरानं काय दशा केलीया!" असं म्हणत तिने मला साबण लावला, दगडावर चार वेळा आपटलं, पिळलं. वंगण गेलं. खडा मी सोडला नाही. त्या माउलीने मला सावलीत वाळवून पुन्हा खोक्यात ठेवलं. वरून मी कशी मऊ दिसत होते! आत काय लपवलं आहे ते मलाच ठाऊक होतं.

गळीत हंगाम सुरू झाला. कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या भागात काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, सगळीकडे काळे कण. एका शनिवारी ओसरीवर ठेवलेल्या मोबाईलवरही ते पडले. जयराजला संध्याकाळी मित्राच्या वाढदिवसाला जायचं होतं, फोटो काढायचे होते. स्वारीला अचानक स्वच्छतेची आठवण झाली. त्याने मला काढलं. फुंकर मारली नाही. अंगठा टेकवून जोर लावला आणि ओढलं.

करर्र!

पडद्याच्या बरोबर मधोमध एक लांब पांढरा ओरखडा उमटला. जयराज ओरडला, "आयला! आई, ह्ये बघ की काय झालं!"

रेश्मा चुलीपासून म्हणाली, "झालं काय, तूच घासलास न्हवं?"

त्याने थुंकी लावली, टूथपेस्ट लावली, शर्टाने चोळलं. ओरखडा काही जाईना. त्याचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी वाढदिवसालाही गेला नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बघ, बघ चिंधीचा इंगा! मी जर नाचू शकले असते तर ओसरीवर नाचले असते. आणि तरी माझं समाधान झालं नव्हतं. अजून एकदा पुसू दे, मग दाखवते, अशी माझी खुमखुमी होती. म्हणून मी खडा तसाच धरून ठेवला. मित्रांनो, तिथेच मी चुकले.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेश्माने पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि मला शेजारी ठेवलं. सई वेणी घालून कधीची समोर बसली होती. कॉल आला. हवालदारांच्या मागे बर्फ दिसत होता. त्यांनी रेश्माला सांगितलं, "उद्यापास्नं वरच्या चौकीवर जायचंय. तिथं रेंज न्हाई. आता पाडव्यापर्यंत कॉल हुयाचा न्हाई. सईला नीट समजावून सांग."

पाडव्याला पुरते तीन महिने होते. रेश्माने पदर तोंडाला लावला. सईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती आबांकडे टक लावून बघत होती. आबांच्या कपाळापासून गालापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती.

तिने मनगटावर फुंकर घातली. लागलंय?

आबांना कळेना. त्यांनी हसून मान हलवली, नाही. पण मागच्या दिवाळीत त्यांच्या हाताला पट्टी होती आणि तो हात त्यांनी खिशात लपवला होता. सईने तेव्हा ते बरोबर ओळखलं होतं. त्यामुळे आता तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा नाही म्हटलं. मग ती उठली. पडलेल्या मुलाचं तोंड आई पुसते ना, तसं तिला आबांचं तोंड पुसायचं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं.

नको गं बाई, मी मनात ओरडले. नको! तो खडा मी तुझ्यासाठी नाही धरलेला! मी धागे सैल सोडायला बघितले. खडा सुटेना. साबणाला, दगडाला, पिळण्याला दाद न देता मीच तो इतका आत दडवला होता, की आता माझ्याच्याने तो निघत नव्हता. सईने आबांच्या गालावरून मला फिरवलं. दुसरी रेघ उमटली. ती घाबरली, आणखी जोरात पुसू लागली. तिसरी. चौथी. पुसेल तेवढ्या आबांच्या तोंडावर जखमा वाढत होत्या. तिच्या घशातून एक आवाज निघाला. तसा आवाज त्या घरात आजवर कोणी ऐकला नव्हता.

पलीकडून हवालदार विचारत होते, "आगं, काय झालं तिला? रेश्मा, आगं ती रडतीया का?" आणि रेंज गेली. पडदा काळा झाला.

जयराज धावत आला. त्याने सईला जवळ घेतलं, पडद्यावर दुसरे फोटो लावून दाखवले. "हे बघ, म्हशीच्या फोटोवरबी हाय. ह्या काचंला ओरखडं पडल्यात सई, आबांला काय न्हाई झालं." हे त्याने हातांनी सांगायचा प्रयत्न केला. पण त्याला हातांची ती भाषा धड येतच नव्हती. तो कधी शिकलाच नव्हता. रेश्माने खुणांनी समजावलं तरी सईला पटलं नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने ती वाटी घेऊन आली. वाटीत तेलात कालवलेली हळद होती. तिचं खरचटलं की रेश्मा तेच लावायची. सईने मोबाईल मांडीवर घेतला आणि पडद्यावरच्या एकेका ओरखड्यावर बोटाने हळद लावली. लावता लावता फुंकर घालत होती, आबांना झोंबू नये म्हणून.

जयराज दाराशी उभा राहून हे बघत होता. एकोणीस वर्षांचा तो बाप्या भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला. मित्रांनो, हेच मला हवं होतं. याच रडण्यासाठी मी तो खडा जपला होता. तो रडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोडा सावरल्यावर त्याने मला उचललं. आज पहिल्यांदाच त्याने मला नीट पाहिलं. चिमटीने एकेक धागा चाचपला, सुईच्या टोकाने खडा काढला आणि तळहातावर घेऊन कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसला. आता तो रोज संध्याकाळी सईसमोर बसून हातांची भाषा शिकतो. चुकला की ती त्याच्या बोटांवर चापट मारते. पण आबांना काही झालेलं नाही, हे तिला पटेल असं सांगता येण्याएवढं त्याला अजून जमलेलं नाही.

मित्रांनो, पडदा पुसण्याआधी फुंकर मारा. दाबून घासू नका. फुटलेल्या स्क्रीनगार्डच्या जागी वेळेवर दुसरा बसवा. काचेची पुसणी काचेलाच ठेवा, तिला चेनला जुंपू नका आणि चिंधी म्हणू नका. हे तुमच्यासाठी. आणि ज्यांना कुणी चिंधी म्हटलं असेल, त्यांनाही एक सांगते. जयराजला मी अजून माफ केलेलं नाही, तेवढा मोठेपणा माझ्या अंगात नाही. पण मनातला खडा लवकर झटकून टाका. तुम्हाला कोण हातात घेईल याचा नेम नसतो.

पाडव्याला अजून दोन महिने आहेत. नवा स्क्रीनगार्ड आणलेला आहे, तो कपाटात पडून आहे. काल जयराज मला घेऊन पडद्यावरची वाळलेली हळद पुसायला गेला, तर सईने त्याचा हात धरला. जखम भरेपर्यंत हळद काढायची नसते, असं तिने त्याला हातांनी सांगितलं. ते मात्र त्याला लगेच कळलं, आणि त्याने मला परत खोक्यात ठेवलं.