खोटे चार दिवस

वहिनीला हेरंब झाला ते सत्तावन्न साल. हेरंब चाळीस दिवसांचा होता. नर्सबाई त्याला झोळीत घालून ताणकाट्याला लावून वजन करत होत्या आणि मी दाराशी उभी राहून, त्या एकट्या कधी सापडतील याची वाट बघत होते. माझ्या पदराच्या गाठीत एक पुडी होती.

नर्सबाई म्हणजे राजलक्ष्मीबाई. राहायच्या गिरगावात, म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातून दर शनिवारी आमच्या लालबागच्या चाळीत यायच्या. चार जिने चढून आल्या की आधी पाणी मागायच्या आणि मग विचारायच्या, घरातले साहेब कुठे आहेत? साहेब म्हणजे तान्हं मूल. वहिनीसुद्धा हसायची, आणि वहिनी हसणाऱ्यातली नव्हती.

मी बावीस वर्षांची. गिरणीत वाइंडिंगला होते, दिवसभर बॉबिनवर सूत चढवायचं काम. साखरपुडा झाला होता. दौलत त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला होता. लग्न मार्गशीर्षात ठरलेलं.

गणपती गेल्यावरच्या रविवारी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. अख्खी चाळ रिकामी झाली. वहिनीसुद्धा बाळाला घेऊन माहेरी परळला गेली होती. मी एकटीच मागे राहिले, कारण भात चुलीवर होता. दौलत माझ्या भावाला बोलवायला आला आणि भाऊ आधीच गेलेला. सहा माणसांच्या त्या खोलीत आम्ही दोघंच असे पहिल्यांदा होतो. जवळ बसलो. मिठीत घेतलं त्यानं, आणि मीही. माझं लुगडं जागच्या जागी होतं, त्याचा लेंगाही. पण लेंगा ओला झाला आणि माझ्या लुगड्याला डाग पडला. तो मी नळावर धुतला. भात करपला.

आठवड्यानं माझी पाळी यायची होती. ती आली नाही.

आता आमच्या घरात ही गोष्ट लपणारी नव्हती. पाळीचे चार दिवस बाईनं मोरीजवळच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, माठाला, देवाला, चुलीला हात लावायचा नाही. गिरणीत जाऊन हजार बॉबिनांना हात लावलेला चालायचा, घरातल्या माठाला नाही. आई तोंडानं काही विचारायची नाही, पण कोण कधी बसलं ते तिच्या बरोबर ध्यानात असायचं. आणि लहानपणापासून तिचं एकच सांगणं, बाप्याच्या आंगाक आंग लागला की पोट रवता.

म्हणून मी खोटीच बसले. चार दिवस गोणपाटावर. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाले आणि देवासमोर दिवा लावला, देवाकडे न बघता.

दौलतला गिरणीच्या फाटकाशी सांगितलं. तो पळाला नाही, हे मी आजही मानते. म्हणाला लग्न उद्याच करू. चातुर्मासात भट मिळणार नाही म्हटल्यावर बसूनच राहिला. मग त्यानं आपल्या गाळ्यात राहणाऱ्या वडीलधाऱ्या तात्यांना माझं नाव न घेता विचारलं, मूल कशानं राहतं. तात्या म्हणाले, दोघांचे कपडे एका बादलीत भिजवले तरी राहतं. तेव्हापासून दौलत स्वतःचे कपडे वेगळे धुवायला लागला. ही आम्हा दोघांची अक्कल.

पुडी दिली होती खात्यातल्या रखमानं. उकळून प्यायची, दोन दिवसांत मोकळी होशील म्हणाली. त्या शनिवारी गिरणीतून आले की ती उकळायचीच, असं मी ठरवलं होतं.

नर्सबाई निघाल्या तशी मी त्यांची पिशवी उचलली. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर त्याच थांबल्या. म्हणाल्या, "पिशवी काही इतकी जड नाही. काय आहे ते बोल."

मी सांगितलं. डागापर्यंत सगळं. त्यांनी शेवटची पाळी कधी विचारली. मला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, म्हटलं गोकुळाष्टमीला. त्यांनी बोटांवर मोजलं, एक्केचाळीस दिवस.

"कपडे दोघांच्याही अंगावर होते?"

"होते."

"मग ऐक. मिठीनं मूल होत नाही. मुका घेतल्यानं होत नाही. पुरुषाचं बीज बाईच्या अंगात, आतल्या वाटेनं जावं लागतं. लुगड्यावर पडलं ते लुगड्यावरच वाळलं."

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "म्हणजे सूत बॉबिनपर्यंत पोचलंच नाही."

बाई जिन्यात खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की वरून कुणीतरी डोकावलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "नाही पोचलं. पण एक ध्यानात ठेव. कापड मधे नसेल आणि बीज अगदी वाटेच्या तोंडाशी पडलं, तर आत न जाताही क्वचित राहू शकतं. क्वचितच, पण राहू शकतं. तेवढं त्या दौलतलाही सांग."

मग पाळी कुठं गेली, मी विचारलं. त्या म्हणाल्या, घरात तान्हं मूल, रात्रीची झोप नाही, वर ही भीती. बाईचं अंग घड्याळ नाही. आणखी पंधरा दिवसांत आली नाही तर दवाखान्यात ये, तपासू.

मग मी पुडी दाखवली. त्यांचं हसू गेलं.

"अशीच एक आली होती आमच्याकडे. पिऊन आली होती. पोटात काहीच नव्हतं तिच्या." पुढे ती वाचली का, ते मी विचारलं नाही. त्यांनी पुडी फोडून गटारात झटकली, कागदही माझ्या हातात दिला नाही.

पाचव्या दिवशी दसरा. मी झेंडूची तोरणं ओवत होते आणि पोटात ओळखीची कळ आली. मोरीत गेले, बघितलं, आणि बाहेर येऊन गोणपाट पसरून बसले. पुरणाचं पान कोपऱ्यात येणार, सोनं वाटायला मिळणार नाही, वर्षाचा सण गेला. माझं हसू काही थांबेना.

आई समोर येऊन उभी राहिली. "आज दसरो, नि तू बाहेर. वर हसतंस कित्याक गो?"

आईनं मनाशी मोजलं. मी मागची बसले त्याला अठराच दिवस झाले होते. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिला कळलं. भाऊ दाराबाहेर गेल्यावर ती उकिडवी बसली आणि हळू म्हणाली, "तेव्हा खोटा बसललंस." मी सगळं सांगितलं, नर्सबाई बोलल्या तेही. मला वाटलं आता लाटणं येणार.

ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "तुझो बापूस गिरणीत असताना मी तेच्या गोधडीर निजाक भियायचंय, पोट रवात म्हणान. एक वरीस." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी लांब कोपऱ्यात, ती चुलीपाशी, दोघी हसतोय. पुरण लागलं.

पुढच्या शनिवारी हेरंबचं वजन बघायला अकरा बायका आल्या. वजन झालं, कुणी उठेना. आईनं दार ओढून घेतलं आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला. नंतर दर शनिवारी तसंच चाललं, हेरंब रांगायला लागला, चालायला लागला तरी. माझं लग्न मार्गशीर्षात झालं. दौलतला मी सगळं सांगितलं, आणि त्यानं ते तात्यांना. तात्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

राजलक्ष्मीबाई एकसष्ट साली गेल्या, श्रावणातल्या एका मंगळवारी, कावीळ होऊन. त्यांना न्यायच्या वेळी आमच्या चाळीतल्या नऊ बायका गिरणीत खाडा करून गिरगावात गेल्या. त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी विचारलं, आपण कोण? आई म्हणाली, आम्ही लालबागच्यो, शनिवारच्यो. त्यांनी बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.