खिळ्यावरची विलायती कात्री

नागावच्या बागकामाच्या इतिहासात माझे स्थान अढळ आहे. ते पडवीतल्या खिळ्यावर आहे.

मित्रांनो, मी झाडे छाटायची एक जुनी विलायती कात्री. एकोणीसशे एकतीस साली अब्दुस्समदचाचांनी मला मुंबईच्या दुकानातून डेलियाच्या कंदांसोबत घरी आणले. बोटीवरची कारकुनी संपवून आलेल्या चाचांना आता अलिबागच्या पुष्पप्रदर्शनात नाव काढायचे होते.

डेलिया वीतभर वाढला की त्याचा शेंडा छाटावा, म्हणजे तो बाजूंनी फुटतो आणि फुले भरघोस येतात, हे त्यांना तोंडपाठ होते. ते रोज मला तेल लावीत, शेंड्यापाशी नेत, ‘बिस्मिल्ला’ म्हणत आणि कोवळी पाने पाहून हात मागे घेत. त्या दिवसांत मी फक्त नागावची हवा कापली.

मग एका सकाळी त्यांच्या बायकोची, जहुराचाचींची, शेळी सुटली आणि वाफ्यातला एकूण एक शेंडा खाऊन रवंथ करीत बसली.

चाचांनी तडक कसायाला निरोप धाडला. चाचींची तान्ही नात त्या शेळीच्या दुधावर वाढत होती. चाची भांडल्या नाहीत. कसाई येईपर्यंत झाडे तरी उपटू नका, एवढेच म्हणाल्या. कसाई सवडीने आला, तोवर प्रत्येक खुंटाला दोन-दोन फुटवे आले होते. चाचांनी वाफ्यात उकिडवे बसून एकेक फुटवा मोजला. मग त्यांनी कसायाला चहा पाजला आणि वाटेला लावला.

प्रदर्शनात आमच्या डेलियाला पहिले बक्षीस मिळाले. इतकी बेधडक छाटणी कोणी केली, असे परीक्षकांनी विचारले. चाचांनी मला खिशातून काढले.

“हिने, साहेब. विलायती पोलाद आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी माझ्या पात्यावरून कौतुकाने अंगठा फिरवला. मित्रांनो, आपल्याला तिथल्या तिथे गंज चढावा, असे मला आयुष्यात तेव्हाच वाटले.

टाळ्या वाजवणाऱ्यांत शेजारचा इसहाक होता. तो दुसऱ्याच दिवशी दारात आला. एवढी गुणी कात्री असताना, कसायाला बोलावणे धाडायला लावणारी चोरटी शेळी कशाला पोसायची, म्हणाला. त्याच्या घरी लग्नाची दावत होती, तो तिला घेऊन जायला तयार होता. साऱ्या अलिबागसमोर बोललेले चाचांना गिळवेना. इसहाकने दाव्याला हात घातला.

चाचींनी मला खिळ्यावरून काढले आणि दुधाच्या तपेलीसकट चाचांपुढे ठेवले.

“अवो, सगलं कात्रीनंच केलंय न्हाय का? मग उद्यापास्नं पोरीचं दूध पन तिचंच काढा.”

आत पाळण्यात नात रडायला लागली. चाचांची मान खाली गेली.

“दावं सोड, इसहाक. छाटणी शेळीनं केली. कात्री माझ्या खिशात होती.”

संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या नागावला ठाऊक झाले. चाचा आठवडाभर मागच्या दाराने मशिदीत गेले. मला खिळ्यावरून कुठे जायचीही सोय नव्हती.

म्हणून मित्रांनो, हत्याराची निगा राखा. त्याला पुसा, तेल लावा. पण न केलेल्या कामाची शाबासकी देऊन त्याला लाजवू नका.

पुढच्या वर्षी डेलिया वीतभर होताच चाचांनी स्वतः शेळीला वाफ्यात सोडले. मी तिचे खूर कापते.